वाडा पाडण्याआधी त्याचा इतिहास कसा लिहून काढायचा

जुना वाडा विकायचं किंवा पाडायचं घरात ठरलं असेल, तर बिल्डरशी बोलणी पुढे नेण्याआधी वाड्याचा नकाशा काढा आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसा. सरकारी कागद दोन वर्षांनीही मिळेल. या दोन गोष्टी तेव्हा मिळणार नाहीत.

मी भूमी अभिलेख खात्यात परिरक्षण भूमापक होते. नोकरीची बहुतेक वर्षं नागपूर जिल्ह्यातच गेली. माझं सासर उमरेडकडच्या एका मौजाचं (गावाचं) मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारं, घराणं. गावचा वाडा आणि नागपूर शहरात महाल भागातलं घर, अशा दोन वास्तूंचा इतिहास मी लिहून काढला. ओळखीतले लोक पद्धत विचारत राहतात, म्हणून ती इथे सविस्तर मांडते. महाल, इतवारी, गांधीबाग, जुनी शुक्रवारी या भागांत एकेक वाडा जाऊन तिथे सहा मजली इमारत उभी राहते आहे. गावाकडचे वाडे तर पावसाळ्यागणिक आपोआपच बसतात. घाई आहे ती त्यासाठी.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. वाड्याचा इतिहास म्हणजे मालकांची वंशावळ नव्हे. सरकारी कागदात मालक सापडतो, कारण सारा तो भरत होता. नुसत्या कागदांवर विसंबलात तर वारस नोंदींची यादी तयार होईल. पण त्या वाड्यात स्वयंपाक कोणी केला, बाळंतपणं कुठे झाली, धान्य कोणी मापलं, गुरांचं कोण बघायचं, हे कुठल्याही खसऱ्यात, म्हणजे शेतवार सरकारी नोंदवहीत, नसतं. ते वेगळं शोधावं लागतं आणि ते शोधल्याशिवाय वाड्याच्या अर्ध्या खोल्या का बांधल्या तेच कळत नाही.

आधी मोजणी

तीस मीटरची फीत, ओळंबा, आलेख कागद, पेन्सिल आणि फितीचं दुसरं टोक धरायला एक माणूस, एवढं पुरतं. हल्ली लेझरची मोजणी यंत्रं मिळतात, तीही चालतील. पण भिंतीची जाडी मोजायला फीतच सोयीची.

प्रत्येक खोलीच्या चारही बाजू मोजा आणि दोन्ही कर्ण मोजा. जुन्या वाड्यात काटकोन क्वचितच सापडतो, आणि कर्ण नसले तर घरी बसून नकाशा जुळवताना खोल्या एकमेकींवर चढतात. मग दर दाराच्या चौकटीत भिंतीची जाडी घ्या. ही मापं कंटाळून सोडू नका, कारण वाड्याचं वय सांगणारी पहिली खूण तीच. आमच्या गावच्या वाड्यात देवडीची (पुढच्या प्रवेशाच्या भागाची) आणि माजघराची भिंत दोन हातांहून जाड आहे. उजवीकडच्या बैठकीची भिंत मात्र दीड विटेची. घरात सगळे म्हणत की बैठक पहिल्यापासूनची आहे. बैठक जिथे देवडीला मिळते त्या कोपऱ्यातला गिलावा थोडा खरवडून पाहिला, तर वरपासून खालपर्यंत सरळ सांधा निघाला. दोन भिंती एकाच वेळी बांधल्या असतील तर कोपऱ्यात विटा एकमेकींत गुंतलेल्या असतात. सरळ सांधा म्हणजे एक भिंत आधी उभी होती आणि दुसरी नंतर तिला येऊन टेकली. बैठक नंतरचीच.

बुजवलेली दारं आणि खिडक्या नकाशावर तुटक रेषेने दाखवा. भिंतीवर हात मारला की पोकळ किंवा वेगळा आवाज येतो, पावसाळ्यात ओल वेगळ्या आकाराची उमटते. दार बुजवलं गेलं ते बहुतेक वाटणीच्या वेळी, हे लक्षात ठेवा, पुढे कोर्टाच्या कागदाशी ते जुळवायचं आहे.

खोल्यांना नकाशावर घरातलीच नावं द्या. देवडी, सपरी, चौक, बैठक, कचेरी, माजघर, देवघर, माडी, कोठा (गोठा), परस. ‘बेडरूम एक’, ‘बेडरूम दोन’ असं आर्किटेक्टच्या पोराने लिहिलं तर खोडून टाका. मयालीला (छताच्या आडव्या तुळईला) लोखंडी कड्या असतील तर तिथे बंगई (झोपाळा) होती, ती जागा दाखवा. जातं कुठे होतं, उखळ कुठे पुरलं होतं, तुळस कुठे, विहिरीचा रहाट कुठल्या बाजूला, सगळं दाखवा. जमिनीत पेव (धान्य साठवायचा खोल खड्डा) असेल तर त्याच्या तोंडाचं आणि खोलीचं माप घ्या. पेवात सोनं पुरल्याची गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात असते. ती गोष्ट म्हणून लिहून ठेवा, पण पेव ज्वारी साठवायला होतं आणि त्यात किती खंडी ज्वारी मावायची हे घराच्या इतिहासाला जास्त उपयोगाचं आहे. ज्याच्याकडे साठा होता त्याच्याकडे १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात गाव धान्य मागायला आलं असणार. ते धान्य कुठल्या अटीवर दिलं, ही विचारण्याची गोष्ट.

लाकूड, कवेलू, लोखंड

वीट मोजताना एकच मोजू नका. सात-आठ विटांची लांबी, रुंदी, जाडी घेऊन सरासरी काढा. पातळ चपटी वीट आणि चुन्याची जोडणी ही जुनी पद्धत. नऊ इंच लांबीची जाड वीट इंग्रजी अमदानीत रुळली. चुन्याच्या सांध्यात पांढरे खडे आणि विटेच्या सुरखीचा तांबूस रंग दिसतो. सिमेंट करड्या रंगाचं आणि कडक असतं, तिथे दुरुस्ती झाली असं धरा.

लाकडावर विश्वास जपून ठेवा. आमच्या देवडीचे सागवानी खांब कोरीव आहेत, खाली कमळ, वर केळफूल, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की हे खांब नागपूरकर भोसल्यांच्या काळातले, म्हणून वाडाही तेव्हाचा. मी शिडी लावून मधल्या खणाची मयाल पाहिली. तिच्या पोटाशी ओळीने चौकोनी खाचा होत्या आणि त्यात काहीच बसवलेलं नव्हतं. एका खाचेत जुन्या खुंटीचं मोडलेलं टोक अजून अडकून होतं. म्हणजे ही मयाल आधी दुसऱ्या एखाद्या इमारतीत होती, तिथे त्या खाचांत दांड्या बसत होत्या, आणि ती इमारत उतरवल्यावर लाकूड इथे आलं. चांगलं सागवान कोणी फेकत नसे. तेव्हा खांब भोसलेकालीन असतीलही, वाडा तेवढा जुना असेलच असं नाही. ‘खांब जुने, इमारत नंतरची’ हे वाक्य लिहायला घरच्यांचा विरोध होईल. तरी लिहा.

छपरावर हाताने वळलेले देशी कवेलू (कौलं) आहेत की इंग्रजी कवेलू, ते पाहा. इंग्रजी कवेलू उलटा केला की पोटावर कारखान्याचा छाप असतो. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कवेलूचा कारखाना काढला, पुढे त्या किनाऱ्यावर इतरही कारखाने उभे राहिले. मंगळूरचा छाप असलेला कवेलू त्याआधीचा असूच शकत नाही. शिवाय नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये. समुद्रकाठचा इतका जड माल बैलगाडीने विदर्भात येणं परवडणारं नव्हतं, हेही हिशेबात धरा. अर्थात छप्पर शाकारताना कवेलू बदलतात. त्यामुळे छापाने छपराचं वय कळतं, भिंतीचं नाही. पाच-सहा वेगवेगळे छाप मिळाले तर प्रत्येकाचा एकेक नमुना घरी उचलून ठेवा.

लोखंडी गर्डर असेल तर त्यावर नाव असतं. आमच्या माडीखालच्या गर्डरवर ऑइलपेंटचे इतके थर होते की काही वाचता येईना. नुसतं खरवडू नका, अक्षरंही जातात. ओल्या फडक्याने पुसा, खोली अंधारी करा आणि बॅटरीचा उजेड गर्डरला समांतर, आडवा टाका. उठावाची अक्षरं सावलीने वर येतात. आमच्याकडे ‘डॉर्मन लाँग, मिडल्सबरो, इंग्लंड’ निघालं. भारतात बऱ्याच जुन्या इमारतींत हे नाव सापडतं. टाटांचं नाव असेल तर बांधकाम १९१२ नंतरचं समजा, कारण त्यांच्या साकचीच्या कारखान्यात पोलाद निघू लागलं ते १९१२ मध्ये.

कागद कुठे आणि कसे मागायचे

इथे लोक सगळ्यांत जास्त थकतात, म्हणून मी थोडं पाल्हाळ लावते.

गावच्या वाड्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात जा. पण जाण्याआधी आपलं मौजा पूर्वी कुठल्या तहसिलीत होतं ते शोधा. इंग्रजी काळात नागपूर जिल्ह्यात नागपूर, रामटेक, उमरेड आणि काटोल अशा चारच तहसिली होत्या. आज भिवापुरात असलेलं गाव जुन्या कागदात उमरेडखाली असतं, नरखेडचं काटोलखाली, पारशिवनीचं रामटेकखाली. ‘आमच्याकडे रेकॉर्ड नाही’ असं उत्तर मिळालं तर निराश होऊन परत फिरू नका, जुन्या तहसिलीत विचारा. अर्जात मौजाचं नाव, पटवारी हलका क्रमांक, जुना बंदोबस्त (जमीन मोजून सारा ठरवण्याचं काम) क्रमांक माहीत असेल तर तो, आणि कुठला कागद हवा त्याचं नेमकं नाव लिहा. ‘आमच्या घराचे सर्व जुने कागद मिळावेत’ असा अर्ज कोणी हातात घेत नाही, आणि घेतला तरी त्यावर काम करणं खरंच शक्य नसतं.

नावं ही मागा: मिसल बंदोबस्त, वाजिब-उल-अर्ज, खसरा, जमाबंदी, अधिकार अभिलेख, निस्तार पत्रक, कोतवाल बुक. यातला वाजिब-उल-अर्ज लोक मागतच नाहीत, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. गावचे रिवाज त्यात लिहिलेले असतात. आबादीत (गावच्या वस्तीत) घर बांधायला जागा कोण देणार, गाव सोडून जाणाऱ्याला घराचं लाकूड नेता येईल का, तलावाचं पाणी कोणाला आधी, कोतवालाला काय मिळणार. मालगुजार आणि गाव यांच्यातलं नातं पाहायचं तर तिथे पाहा. निस्तार पत्रकात गुरचरण, जळतण, मसणवट यांच्या जागा सापडतात. कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. १९१८ च्या मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीत मध्य प्रांतात फार माणसं गेली. त्या वर्षाचं पुस्तक मिळालं तर आपल्या घरातली आणि गावातली नावं शांतपणे उतरवून घ्या. घरात ज्या आजीचं नाव कोणाला आठवत नव्हतं, ती मला तिथे भेटली. नोंदीत तिचं नाव नाही, ‘अमक्याची बायको’ एवढंच आहे, पण महिना आणि वय मिळालं आणि पुढच्या वर्षी घरात दुसरं लग्न का झालं त्याचा उलगडा झाला.

गावच्या जुन्या नकाशावर सोळा इंचाला एक मैल असं प्रमाण असतं. त्यात शेतं, तलाव, नाले स्वच्छ दिसतात, आबादी मात्र एकाच खसरा क्रमांकात येते, आतली घरं वेगळी दिसत नाहीत. नकाशात वाडा सापडला नाही म्हणून तो तेव्हा नव्हता, असा अर्थ काढू नका. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जात आहेत. तिथून मिळणारी मिळकत पत्रिका आजची हद्द दाखवते, इतिहासाला तिचा उपयोग शेवटच्या पानापुरता. ग्रामपंचायतीचा नमुना ८ मात्र जरूर पाहा, घराचं वर्णन आणि कर त्यात असतो आणि मातीचं घर पक्कं कधी झालं ते त्यावरून उमजतं.

मालगुजारी कशी आली नि कशी गेली, हे समजल्याशिवाय हे कागद वाचता येत नाहीत. भोसल्यांच्या राज्यात गावचा पाटील किंवा मालगुजार मुख्यतः सारा गोळा करून भरणारा होता. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, आणि त्यानंतरच्या बंदोबस्तात मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. विदर्भातले पुष्कळ मालगुजारी वाडे त्यानंतर वाढले याचं कारण हेच, मालकी पक्की झाल्यावर माणूस पक्कं बांधतो. मग मध्य प्रदेशचा (नागपूर तेव्हा त्या राज्यात होतं) १९५० चा मालकी हक्क निर्मूलन कायदा आला आणि ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. तलाव, जंगल, पडीक जमीन सरकारकडे गेली. राहतं घर, त्याची जागा, आबादीतली खाजगी विहीर मालगुजाराकडे राहिली. म्हणून वाडा राहिला आणि वाड्याचं काम गेलं. आमच्याकडे कचेरीच्या खोलीत त्यानंतर कापूस भरू लागले. भिंतीवर अजून सरकीच्या तेलाचे डाग आहेत. तुमच्या वाड्यातही १९५१ नंतर कुठल्या खोलीचा वापर बदलला हे विचाराच.

शहरातल्या घराची वाट निराळी. नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (शहरातल्या मिळकतीचा उतारा) घ्या, मौजा, शीट क्रमांक आणि नगर भूमापन क्रमांक लागतो. जागा नझूलची (सरकारी मालकीची) असेल तर पट्ट्याचे कागद वेगळे. फक्त आजची पत्रिका घेऊन थांबू नका, जुन्या फेरफारांच्या नकलाही मागा, खरा मजकूर त्यात आहे. दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक दोनचा, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या यादीचा, शोध घ्या. महापालिकेच्या कर आकारणीत मजले आणि भाडेकरू सापडतात. नागपूर नगरपालिका १८६४ ची, सुधार प्रन्यासाचा कायदा १९३६ चा, महापालिका १९५१ पासून. त्यामुळे एकाच घराचे कागद तीन ठिकाणी विखुरलेले असू शकतात. रस्ता रुंद करताना घराचा पुढचा भाग गेला असेल तर प्रन्यासाकडे किंवा पालिकेकडे त्याची संचिका असते, आणि तीत पाडण्याआधीचा नकाशा.

नकाशावरून आठवलं. घरात वाटणीचा दावा झाला असेल तर कोर्टाची ती जुनी फाईल काढा. लोक ती लाजेने लपवतात. पण वाटणीच्या दाव्यात कमिशनर येऊन घर मोजतो, खोलीखोलीचा नकाशा काढतो, कोणाच्या वाट्याला काय ते रंगाने दाखवतो, आणि साक्षीदार शपथेवर सांगतात की हा भाग कोणी केव्हा बांधला. जुन्या घराचं इतकं नेमकं वर्णन दुसरीकडे कुठेही मिळत नाही. आमच्या बुजवलेल्या दोन्ही दारांची तारीख मला तिथेच मिळाली.

भोसलेकालीन कागदांसाठी नागपूरचं पुराभिलेख कार्यालय. तिथले जुने कागद मोडीत असतात. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, घरातल्या एखाद्या कॉलेजवयीन मुलीला तिथे घाला. ग्रंथालयात तीन पुस्तकं मागा: चार्ल्स ग्रँट यांचं मध्य प्रांताचं १८७० चं गॅझेटियर, रसेल यांनी संपादित केलेलं नागपूर जिल्ह्याचं १९०८ चं गॅझेटियर, आणि क्रॅडॉक यांचा १८९०-९५ च्या बंदोबस्ताचा अहवाल. मोठ्या घराण्यांचा उल्लेख त्यात असतो. आपलं घराणं नसलं तरी आपल्या परगण्यातली जमीन, पीक, बाजार यांची माहिती मिळते.

सन जुळवणं

जुन्या कागदावर इसवी सन असेलच असं नाही. शके असेल तर ७८ मिळवा, पौष-माघ-फाल्गुनातली तारीख असेल तर बहुधा ७९. सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. दख्खनी फसली असेल तर ५९० किंवा ५९१, पण उत्तरेकडची फसली त्याहून दोन वर्षांनी वेगळी चालते, म्हणून कागदावर तिथी, वार किंवा अधिकाऱ्याचं नाव असेल तर त्यावरून पडताळा घ्या. मूळ सन आणि काढलेला सन, दोन्ही लिहा. पुढच्या वाचणाऱ्याला तपासता आलं पाहिजे.

घरातल्या पेटीतले कागद वेगळेच. जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, दागिन्यांच्या याद्या, सालदारांचे (वर्षाच्या करारावर राबणाऱ्या गड्यांचे) हिशेब, सोनाराची चिठ्ठी, पोथीच्या समासात कोणी पेनाने लिहिलेलं ‘आज विहिरीला पाणी लागले’. फोटोच्या मागे स्टुडिओचं नाव असतं. हे सगळं साध्या उजेडात, सावलीत, वरून सरळ फोटो काढून ठेवा, बाजूला पट्टी ठेवून. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, नागपूरच्या पावसाळ्यात आतून घाम येतो आणि शाई फुटते.

आमचे पूर्वज कोकणातून रघूजीराजांबरोबर आले, असं सांगणारी घरं नागपुरात पुष्कळ. असं असेल तर त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा. आपलं मूळ गाव, कुळ आणि त्या वेळी हयात असलेल्यांची नावं यात्रेकरूने तिथे स्वतः लिहिलेली किंवा सांगितलेली असतात. कोण कुठून आलं हे ठरवायला याहून चांगला आधार मला मिळालेला नाही.

माणसं

मालक पुरुषांना शेवटी विचारा. ते जमिनीचे एकर आणि कोर्टकज्जे सांगतात. आधी घरच्या लेकींना विचारा, ज्या लग्न होऊन वर्ध्याला, यवतमाळला, छिंदवाड्याला गेल्या. त्यांनी वाडा मनात जसाच्या तसा ठेवलेला असतो, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर तो नंतर बदलला नाही. माझ्या आत्तेसासूबाईंनी डोळे मिटून मला माजघरातल्या फळ्यांवरच्या बरण्या क्रमाने सांगितल्या.

मग सालदारांच्या घरी जा. पाडवा ते अक्षय तृतीया या दिवसांत साल ठरायचं, आणि एकेका घराण्याने तीन-तीन पिढ्या एकाच वाड्यावर साल घातलेलं असतं. तिथे जाताना मालकिणीसारखं जाऊ नका. जमिनीवर बसा, चहा घ्या, वही लगेच काढू नका. आमच्या जुन्या सालदारांची लेक आता सत्तरीच्या पुढची आहे. तिला मी नकाशा दाखवला आणि विचारलं, काकू, तुम्ही वाड्यात कुठून यायच्या? तिने देवडीवर बोटही ठेवलं नाही. ‘समोरून आमी कदी आलोच नाई, बाई. कोठ्याकडच्या फाटकातून येवो. माय शेण काढे, मी वासरं धरो. पानी मात्र वरून वाढत.’ त्या फाटकाची नोंद माझ्या नकाशात नव्हती, कारण आता तिथे भिंत आहे. परत जाऊन पाहिलं, भिंतीत चौकटीचा दगड होता.

तारखा विचारू नका, कोणाला आठवत नाहीत. ठळक घटना द्या आणि आधी की नंतर ते विचारा. मालगुजारी गेली त्याच्या आधी की नंतर? १४ ऑक्टोबर १९५६ च्या बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या आधी की नंतर? ही दुसरी खूण फार पक्की आहे. आमच्या गावातली कितीतरी माणसं तेव्हा नागपूरला गेली होती. त्या काकूंच्या वडिलांनी दीक्षेहून आल्यावर वाड्यावरची मेलेली गुरं ओढणं सोडलं. हे आमच्या घरात कधीच कोणी बोललं नव्हतं. वाड्याच्या इतिहासात ते पान आलं पाहिजे, आणि आलं.

मोबाइलवर बोलणं टिपायचं असेल तर आधी विचारा, आणि नाव छापायचं की नाही तेही विचारा. त्यांनी नको म्हटलं की नको.

लिहिताना

तीन रकाने करा: पाहिलेलं, लिहिलेलं, सांगितलेलं. प्रत्येक खोलीचं एकेक पान. बैठकीच्या पानावर पहिल्या रकान्यात सरळ सांधा आणि दीड वीट, दुसऱ्यात वाटणीच्या दाव्यातली साक्ष, तिसऱ्यात ‘पहिल्यापासूनची आहे’ हे घरच्यांचं म्हणणं. तिन्ही जुळत असतील तर ठामपणे लिहा. जुळत नसतील तर तिन्ही तसेच ठेवा. कोणत्यावर तुमचा विश्वास बसला आणि का, तेही सांगा. पण दुसरं पुसू नका.

वेठीचा उल्लेख आला की घरात वाद होईल. आमच्या धाकट्या दिरांचं म्हणणं होतं की वाड्यावर येऊन लोक प्रेमाने काम करायचे. काही जण करतही असतील. पण ज्यांनी काम केलं त्यांच्या घरी वेगळं सांगितलं जातं, आणि मी दोन्ही शेजारी-शेजारी छापलं. दिरांचा मजकूर त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या सहीने. त्यांनी सही केली, याचा मला फार आनंद आहे. सासऱ्यांनी बांधलेल्या शाळेच्या खोलीचं पानही त्याच पुस्तकात आहे, आणि ते मी अभिमानाने लिहिलं आहे.

मसुदा झाला की सगळ्या भाऊबंदांना प्रती पाठवा आणि हरकती लेखी मागवा, मुदत द्या. तोंडी हरकतीवरून मजकूर बदलू नका. प्रत्येक सरकारी नकलेवर अर्ज क्रमांक आणि नकल मिळाल्याची तारीख असते, ती पानाच्या तळाशी उतरवा, म्हणजे पुढे कोणाला तोच कागद पुन्हा काढायला त्रास होणार नाही. छपाईला फार खर्च करायची गरज नाही, चांगल्या कागदावर झेरॉक्स आणि कापडी बांधणी पुरते. नकाशा मात्र घडी घालून शेवटी जोडा, लहान करून छापू नका, मापं वाचता येत नाहीत.

एक प्रत गावच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत, एक नागपूरच्या एखाद्या जुन्या ग्रंथालयात, एक पुराभिलेख कार्यालयात देऊन पाहा. सालदारांच्या घरी प्रत स्वतः नेऊन द्या, पोस्टाने नको. स्कॅन केलेली फाईल दोन-तीन तरुणांच्या संगणकावर ठेवा. आणि वाडा पाडायचाच असेल तर कंत्राटदाराशी करार करताना त्यात एक अट घाला: कोरीव खांब, मयाली, छाप असलेले कवेलू आणि चौकटीचे दगड उतरवताना घरचा एक माणूस हजर राहील आणि प्रत्येक वस्तूवर खडूने खोलीचं नाव लिहील.